चीज सुटत नाही, म्हणजे नेमकं काय सुटत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, राहणार रत्नागिरी. मासे आणि अंडी दीड वर्षापूर्वी सोडली, यंदा गणपतीनंतर दूधही सोडायचं ठरवलं. दही-ताक सुटलं, चहा कोरा झाला, पण गाडी चीजपाशी अडली. रात्री नऊ-साडेनऊला मुलाच्या डब्यासाठी आणलेला क्यूब फ्रीजमधून काढून उभ्या उभ्या खाल्ला जातो आणि मग स्वतःचाच राग येतो. त्यात सासूबाई म्हणतात, ‘हाडं खिळखिळी होतील तेव्हा कळेल.’ तुम्ही विचारलंय, चीजला चांगला पर्याय कोणता, आणि चीजचं खरंच व्यसन लागतं का?

मी कुडाळात वीसेक वर्षं आहारसल्ला देते. दूध सोडणारी माणसं पूर्वी वर्षातून एखादी यायची, आता महिन्याला दोन-तीन येतात. त्यांच्याकडे बघून माझं एक मत पक्कं झालंय. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, एक जिभेचा आणि एक शरीराचा. जिभेचा प्रश्न कोकणात सोपा आहे, कारण आपल्याकडे नारळ आहे, काजू आहे, कोकम आहे. आणि नेमका त्या सोपेपणामुळेच शरीराचा प्रश्न झाकला जातो. नारळाचा रस पांढराशुभ्र दिसतो, दाट असतो, त्याला ‘नारळाचं दूध’ म्हणतात; मग माणसाला वाटतं, दुधाची सोय झाली. झालेली नसते. कशी, ते पुढे सांगते. आधी जिभेचं बघू, कारण तुमचा खरा त्रास आज तिथे आहे.

त्याहीआधी एक विचारते. दूध सोडलंत ते कशासाठी? प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि माझं अर्धं उत्तर त्यावर ठरतं. पोट फुगतं, गुडगुडतं म्हणून सोडलं असेल तर तो बहुधा लॅक्टोजचा मामला आहे. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) बऱ्याच मोठ्या माणसांत कमी होत जातं. पण जुनवलेल्या चीजमध्ये लॅक्टोज अगदी थोडं उरतं आणि दह्यातही दुधापेक्षा कमी असतं. त्रास तेवढाच असेल तर चीजसाठी स्वतःला छळण्याचं कारणच नाही. दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट उलटी. ती दुधातल्या प्रथिनांची असते, चीज म्हणजे त्याच प्रथिनांचा गोळा, आणि तिथे ‘थोडंसं चालेल’ हा शब्द नाही. गाई-म्हशींच्या विचाराने सोडलं असेल, तर किती आणि कधीपर्यंत हे तुमचं तुम्ही ठरवायचं. त्यात मी कुणाला गुण देत नाही. मासे-अंडी आधी सोडली, त्यावरून मला वाटतं तुमचं कारण हे तिसरं असावं, म्हणून पुढचं ते धरून लिहिते.

आता व्यसनाचं. दुधातलं मुख्य प्रथिन केसिन. ते पचताना त्याचे काही तुकडे पडतात, त्यांना कॅसोमॉर्फिन म्हणतात. नावात ‘मॉर्फिन’ आहे आणि पेशींवरच्या ज्या जागांना अफूसारखी द्रव्यं चिकटतात, तिथे प्रयोगशाळेत ते थोडे चिकटतातही. यावरून ‘चीज म्हणजे अफू’ अशी हाकाटी सुरू झाली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली यावरचा सगळा पुरावा तपासला होता. कॅसोमॉर्फिनमुळे आजार होतात असं म्हणायला त्यांना आधार सापडला नाही. खाल्लेल्या चीजमधून माणसाला नशा चढते किंवा व्यसन जडतं, हेही कुणी दाखवून दिलेलं नाही. तेव्हा स्वतःला व्यसनी ठरवू नका. तसं एकदा ठरवलं की प्रत्येक क्यूब हा पराभव होतो, आणि हरलेला माणूस दुसरा क्यूबही खातो.

मग ओढ कशाची? चीजमध्ये मीठ भरपूर, चरबी भरपूर, आणि प्रथिनं तुटून तयार झालेलं ग्लुटामेट. हेच ग्लुटामेट आणि त्याच्या जातीचे घटक सुक्या बांगड्याला, सोड्यांना, जवळ्याला ती जिभेवर रेंगाळणारी चव देतात. आणि तुम्ही तर दीड वर्षापूर्वी मासेही सोडलेत! कोकणातल्या माणसाच्या पानातून सुकी मासळी गेली की पानातली सगळ्यात खोल चव गेली. ती भूक कुठेतरी वाट शोधणारच, तुमच्या घरात तिला चीज सापडलं. माझा अनुभव असा, की मांसाहार न करणाऱ्या घरात वाढलेल्यांना दूध सोडताना चहा आणि दही जड जातं, मासे खाऊन मोठे झालेल्यांना चीज.

म्हणून चीजला पर्याय शोधायच्या आधी रात्रीच्या जेवणात ती खोल चव परत आणा. आपलं वाटण हेच त्याचं उत्तर. कांदा थेट विस्तवावर किंवा गॅसवर काळा पडेस्तोवर भाजायचा, सुकं खोबरं तांबूस होईतो परतायचं, वर धणे, मिरी, लवंग. हल्ली हे वाटण ‘मटणाचं’ म्हणून रविवारपुरतं उरलंय. ते काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात घाला, फणसाच्या भाजीत घाला, अळंबी मिळाली तर तिच्यात घाला. अळंबीत आणि पिकल्या टोमॅटोत ग्लुटामेट स्वतःचंच असतं. तुमच्या लिहिण्यावरून रात्रीचं जेवण वरण-भात आणि एखादी पालेभाजी असं दिसतं. ते हलकं आहे, चांगलंही आहे, पण साडेसातला वरण-भात जेवलेला माणूस साडेनऊला फ्रीज उघडतो, यात नवल काय? आठवड्यातून चार रात्री तरी उसळ घ्या आणि मग बघा, क्यूबची आठवण येते का. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं चीज इथेच सुटलं, पर्यायापर्यंत जावंच लागलं नाही.

तरीही टोस्टवर लावायला, मुलासोबत पिझ्झा खायला काहीतरी हवं, हे मला मान्य आहे. आपल्या जिल्ह्यांत त्यासाठी काजू. अख्खे काजू घेऊ नका, वाटायचेच तर पाकळी किंवा तुकडा घ्या. कारखान्याच्या दारात तो बराच स्वस्त पडतो. शंभर ग्रॅम तुकडा गरम पाण्यात तासभर भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं. मग अगदी थोड्या ताज्या पाण्यात गंधासारखा वाटायचा. मिक्सर तापला तर थांबा, तापलेला काजू तेल सोडतो आणि सगळं मेणचट होतं. पाऊण चमचा मीठ, लिंबाचा रस, लसणीची एक भाजलेली पाकळी. फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर टांगलं की सकाळी टोस्टला लावण्याजोगं होतं. पिझ्झासाठी हेच मिश्रण जरा पातळ करून त्यात दोन चमचे साबुदाण्याचं पीठ घालून मंद आचेवर घोटायचं. ते ताणलं जातं, चिकटही होतं. खऱ्या चीजचे धागे केसिनच्या जाळ्यामुळे सुटतात, त्यांची सर याला नाही. पण मुलं भांडत नाहीत.

आंबवलेलं काजूचीज जास्त चविष्ट लागतं, हे खरं. पण तिथे आपली हवा आडवी येते. परदेशी कृतीत लिहिलेलं असतं, दोन दिवस बाहेर ठेवा. मी एकदा जुलैत ठेवलं. दुसऱ्या दिवशी फडकं उघडलं तर आत हिरवी-काळी नक्षी! ते दीडशे ग्रॅम काजू उकिरड्यावर गेले आणि मी शहाणी झाले. आपल्याकडे उन्हाळ्यात सहा-सात तास पुरतात, पावसाळ्यात आंबवायच्या भानगडीत पडूच नये. आंबटपणासाठी कोकमाचं आगळ घालावं असं सुचेल, मलाही सुचलं होतं. चव सुंदर लागते, पण सगळं गुलाबी होतं, आणि मग ती छटा कोकमाची की कुठल्या जंतूची हे कळायला मार्ग राहत नाही. लिंबू बरं.

विकतचं व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं, चीज मुंबईहून मागवता येतं. गाडीत एक दिवस तापलेलं पाकीट घरी येतं तेव्हा आतल्या चकत्यांची एकच वीट झालेली असते, ते जाऊ द्या. पाकिटामागचं मात्र वाचा. बहुतेकांत खोबरेल, स्टार्च, मीठ आणि स्वाद, प्रथिन जवळजवळ नाहीच. क्वचित खायला हरकत नाही. दूध गेलं त्याची भरपाई म्हणून खाल्लं तर फसगत.

पाकिटांवरून आठवलं. हिरव्या ठिपक्यावर भिस्त ठेवू नका. तो ठिपका ‘शाकाहारी’ सांगतो, आणि आपल्या नियमांत दूध शाकाहारीच आहे. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत, हिरव्या चौकटीतलं ‘व्ही’ आणि त्यावर पान अशी खूण. ती नसेल तर घटक वाचायचे. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिनेट, बटर ऑइल हे सगळं दूधच. चिप्सच्या मसाल्यात, ब्रेडमध्ये, खारीत, बिस्किटात ते सापडतं. याच्यापायी किती कडक राहायचं हा तुमचा निर्णय. ॲलर्जी असेल तरच तो निर्णय तुमचा राहत नाही.

दह्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दोन वाक्यं. नारळाच्या रसाचं दही घट्ट लागत नाही, कारण दही बसतं ते प्रथिनामुळे आणि नारळाच्या रसात ते फार थोडं. शेंगदाण्याच्या दुधाचं चांगलं बसतं. विरजणाला दही नको असेल तर हिरव्या मिरचीची सात-आठ देठं कोमट दुधात सोडायची, देठांवर आंबवणारे जंतू असतात. पहिली खेप कडवट होते, तिचाच चमचा दुसऱ्या खेपेला विरजण म्हणून वापरायचा. पण खरं सांगू? सोलकढी असताना ताकावाचून कुणाचं काय अडलंय. आंबटासाठी दह्यावर विसंबणं ही आपली रीतच नव्हे. आपल्याकडे आमसूल, कैरी, चिंच, बिंबलं. जुनं कोकण दुधाचा मुलूख नव्हतंच. इथली कपिला गाय लहान चणीची, डोंगरउतारावर चरणारी, दिवसाला दोन-अडीच लिटर दिलं तरी पुष्कळ. तिचा मान नांगराला जुंपायच्या पाड्यासाठी आणि शेणखतासाठी. पिशवीचं दूध घाट उतरून आलं, चीज तर काल-परवाचं. शिरवाळे आपण नारळाच्या रसात खातो, घावन त्यात बुडवतो, खापरोळीही त्याच रसात पोहते. सासूबाईंना हे सांगून बघा. दूध सोडणं हे त्यांना वाटतं तितकं परकं खूळ नाही.

पण हाडांबद्दल त्या जे म्हणतात ते मी उडवून लावणार नाही. इथून पुढचं नीट वाचा.

काही वर्षांपूर्वी मालवणकडच्या एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या आसपास. दोन वर्षं दूध बंद. तळपायाला मुंग्या, जिन्यावर गुडघे धरायचे, दुपारी गळून जायच्या. म्हणाल्या, ‘रोज वाटीभर नारळाचो रस घेतंय मी, तरी हाडां कशी दुखतत?’ त्यांच्या मनात हिशेब पूर्ण होता, पांढरं गेलं, पांढरं आलं. शंभर मिली गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सगळं मिळून दहा-पंधरा. त्याचा रस पाण्यात काढल्यावर किती उरणार? प्रथिनांचंही तेच. नारळात मुख्यतः चरबी आहे आणि तीही संपृक्त. स्वयंपाकात तो राजा आहे, दुधाच्या जागेवर बसवला तर बुजगावणं. काजूचीही गत निराळी नाही. त्यात प्रथिन चांगलं, शंभर ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम, पण कॅल्शियम अगदी बेताचं. थोडक्यात, तुमची जीभ ज्यांच्यावर खूश होणार आहे त्यांतलं कुणीच हाडांच्या कामाचं नाही.

हाडांच्या कामाची माणसं दुसरी आहेत, तीही घरचीच. पहिली नाचणी. आपल्या वरकस जमिनीतलं हे गरिबाचं धान्य. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम, गहू-तांदूळ तिच्या जवळपासही येत नाहीत. मात्र ते कॅल्शियम बरंचसं दाण्याच्या सालीकडे असतं. सत्त्व काढताना ते फडक्यात राहतं आणि आपण पांढरा गर कौतुकाने खातो. तान्ह्या बाळासाठी सत्त्व ठीक, तुमच्यासाठी सबंध पिठाची भाकरी किंवा आंबील. नाचणी मोड आणून वाळवून दळली तर उत्तम, कारण तिच्यातलं फायटेट खनिजं धरून ठेवतं आणि मोड आल्यावर ते कमी होतं.

दुसरे तीळ, सालासकट. पॉलिश केलेले पांढरेफेक नकोत. दोन मोठे चमचे कूट म्हणजे अडीचशेच्या आसपास. तिसरा शेवग्याचा पाला. शेंगांसाठी आपण झाड लावतो आणि पाला गुरांना घालतो! कोवळा पाला खुडून खोबरं घालून भाजी, किंवा घावनाच्या पिठात चिरून. अर्धी जुडी निवडली तर दीडशे मिलिग्रॅम सहज. चौथे कुळीथ. पिठी करता तेवढ्या मूठभर पिठात ऐंशीच्या घरात, शिवाय प्रथिन. पालक, माठ, अळू यांतही कॅल्शियम दिसतं, पण ऑक्झलेट त्याला बांधून ठेवतं. अळू घशाला खाजतं ते त्याच ऑक्झलेटचे बारीक स्फटिक टोचतात म्हणून. मुतखडा होऊन गेला असेल तर या तिघांवर भर देऊ नका, आणि तिळाचंही प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवा.

दिवसाचा हिशेब लावून बघा. नाचणीच्या दोन भाकऱ्या, तिळाचं कूट, शेवग्याचा पाला आणि कुळथाची पिठी मिळून नऊशेच्या आसपास पोचतात. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था २०२० पासून सांगते, त्याआधी आकडा ६०० होता. म्हणजे कागदावर जमतं. पानात रोज जमतं का? नाही जमत. पाहुणे असतात, दौरा असतो, नाचणीचं पीठ संपलेलं असतं. शिवाय नाचणी-तिळातलं सगळंच अंगी लागत नाही. म्हणून आठवड्यातले चार दिवस असं खाणाऱ्यांनाही मी हिशेब काठावरचा आहे असंच सांगते, आणि पन्नाशीजवळच्या बायकांना गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायला लावते. सोय असेल तर टोफू आणा, पण घटकांत कॅल्शियम सल्फेट किंवा कॅल्शियम क्लोराइड लिहिलेलं आहे ना ते बघून. नुसत्या व्हिनेगरने साकळलेल्या टोफूत ते तितकं नसतं.

तुमचं चीज अजून सुटलेलं नाही, म्हणजे त्यातलं कॅल्शियम अजून मिळतंय. गेलं ते चहाबरोबर. तीन कप चहात दीड-दोनशे मिली दूध जातं, आपल्याला ते दूध वाटतच नाही. तुम्ही चहा कोरा केलात आणि जमलं म्हणालात, तिथे दोनशे मिलिग्रॅम सुटले. कोरा नकोसा झाला तर काजूचं दूध घाला. सोयादूध उकळत्या कडक चहात फुटतं. चहा उतरवून मिनिटभर थांबायचं, कपात आधी कोमट केलेलं सोयादूध आणि त्यावर चहा, असं उलट केलं की बहुधा फुटत नाही. नारळाचा रस चहात घालू नका, वर तवंग येतो आणि चहा केसांना लावावासा वाटतो. माझ्या मते परसातली गवती चहाची पात आणि आलं घातलेला कोराच बरा. फक्त तो जेवणाला लागून नको, जेवणातलं लोह चहा अडवतो.

आता बी-१२. इथे मी समजुतीची भाषा बाजूला ठेवते. वनस्पतीत भरवशाचं बी-१२ नाही. आंबोळीचं पीठ आंबतं म्हणून त्यात येत नाही. स्पिरुलिनात दिसतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं. मासे-अंडी असताना तुम्हाला ते मिळत होतं, नंतर दुधातून थोडं, आता चीजच्या क्यूबमधलं सोडलं तर कुठूनच नाही. यकृतातला साठा कधीकधी वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून माणूस म्हणतो, मला तर काही होत नाही. मग मुंग्या येतात, तोंड येतं, विसरायला होतं. मज्जातंतूंचं नुकसान लांबलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. त्या मालवणच्या बाईंच्या पायाच्या मुंग्यांचं मूळ हेच निघालं, कॅल्शियम नव्हे. इंजेक्शनं लागली. मुंग्या गेल्या, पण जायला सहा महिने लागले. गरज दिवसाला फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असते, पण गोळी मोठ्या मात्रेची असते कारण एका वेळी थोडंच शोषलं जातं. मात्रा किती ते तुमचा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर ते आवर्जून सांगा, दोन्हींमुळे बी-१२ कमी होतं. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांचं, तेव्हा गोळी मागा. ड जीवनसत्त्वाचं डी-३ हेही बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात. तुमच्या तत्त्वात ते बसत नसेल तर डी-२ किंवा शैवाकापासून (दगडफुलासारख्या वनस्पतीपासून) केलेलं डी-३ मिळतं. पिशवीच्या दुधावर ‘+एफ’ अशी खूण असेल तर त्यात ड घातलेलं असतं, म्हणजे तेही तुमच्या हातून सुटलं. आणि चार महिने आपल्याकडे ऊन कुठलं.

आयोडीनचं थोडक्यात. समुद्राकाठी राहतो म्हणून आयोडीन आपोआप मिळत नाही. ते मासळीतून मिळायचं, थोडं दुधातून. दोन्ही गेली की उरतं मीठ. सैंधव किंवा मिठागरातलं जाडं मीठ लोणच्याला ठेवा, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्तच वापरा. शिरोड्याच्या मिठाचा मलाही अभिमान आहे, १९३० चा सत्याग्रह तिथे झालाय, पण तुमच्या थायरॉइडला इतिहास कळत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयाबीन आणि कॅल्शियम दोन्ही त्या गोळीपासून काही तास लांब ठेवा.

प्रथिनांची चिंता मी फारशी करत नाही. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम असतं, वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ ते भरून काढते. रोज दोन्ही जेवणांत कडधान्य असलं की झालं.

मुलाचं वेगळं. सहा वर्षांच्या मुलाचं दूध तुमच्या निर्णयाबरोबर बंद करू नका. दुधाशिवाय वाढणारी मुलं असतात, पण त्यांच्या मागे वजन-उंचीची नोंद ठेवणारा बालरोगतज्ज्ञ आणि रोज हिशेब ठेवणारी आई-बाप लागतात. तुम्ही स्वतः अजून रांगेला लागलेल्या नाही. त्याच्या डब्यातलं चीज राहू दे. फक्त क्यूबचा डबा फ्रीजच्या दारातून काढून खालच्या कप्प्यात भाजीच्या मागे ठेवा. हसू नका, माझ्याकडच्या दोघीजणींना एवढंच पुरलं. पुढच्या वर्षभरात दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा, गरोदरपणात बी-१२ची ओढाताण चालत नाही.

राहता राहिल्या सासूबाई. भांडण बहुतेक घरांत दुधावरून होत नाही, तुपावरून होतं. नैवेद्याच्या पानात मोदकावर तूप पडणार आणि पंचामृतात दूध-दही असणार. ते देवाचं पान आहे, त्यावर तुम्ही हक्क सांगू नका. स्वतःच्या पानातल्या मोदकावर ओल्या नारळाचा घट्ट रस घ्या, वेलची घालून. एका घरात मी हे सुचवलं तर तिथल्या आजींनी आधी नाक मुरडलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या उरलेल्या मोदकावर घेतला. सासूबाईंना नाचणी मोड आणून दळायला सांगा, शेवग्याचा पाला खुडायला सांगा. त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि हाडांची काळजी करायला त्यांना एक जागाही मिळेल.

या आठवड्यात मात्र चीजचं काहीच करू नका, हवं तर खा. आधी रक्त तपासा, बी-१२, ड आणि हिमोग्लोबिन. फॉलिक ॲसिडची गोळी चालू असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना तसं सांगा, तिच्यामुळे रक्त चांगलं दिसतं आणि आतली बी-१२ची कमतरता झाकली जाते. आकडे आले की इथेच लिहा. बी-१२ दोनशे पिकोग्रॅमच्या खाली असेल तर काजू भिजत घालायच्या आधी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, चीजचं आपण मग बघू.